नदीला झालेलं अजीर्ण

उन्हाळा लागला की पुण्याच्या मुळा-मुठेवर, आळंदीकडच्या इंद्रायणीवर आणि इचलकरंजीजवळच्या पंचगंगेवर जलपर्णीचा थर पसरतो. पुलावरून खाली पाहिलं तर पाणी दिसतच नाही. हिरवंगार मैदान, मधूनमधून जांभळट फुलांचे तुरे आणि त्यावर निवांत चालणारे बगळे. मुलांना हा देखावा आवडतो आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. हिरवं म्हणजे चांगलं, झाड म्हणजे ऑक्सिजन, हे आपणच त्यांना पहिलीपासून शिकवत आलो. नदीपाशी आल्यावर मात्र तेवढ्यानं भागत नाही.

जलपर्णीचं एक रोप नीट पाहा. (मोठं माणूस सोबत हवं आणि हातात हातमोजे हवेत, कारण ते पाणी चांगलं नसतं.) पानाचा देठ मध्येच फुगलेला असतो. तो उभा चिरला की आत स्पंजासारख्या पोकळ्या दिसतात. त्यांत हवा भरलेली असते, म्हणून रोप तरंगतं. खाली काळपट, पिसांसारखी केसाळ मुळं लोंबतात आणि त्यांना माती लागलेली नसते. मग हे झाड जेवतं कुठून? सरळ पाण्यातून. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुंदर फुलांसाठी ती बंगालमध्ये आणली गेली आणि देशभर पसरली. ऊन आणि अन्न भरपूर मिळालं तर तिची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. हाच वेग टिकला तर पाच महिन्यांत एका रोपाची हजारावर रोपं होतील. गणित वहीत करून पाहा.

हे अन्न म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस. दोन्ही विषारी नाहीत. त्यांच्याशिवाय गव्हाचा दाणा भरत नाही आणि आपलं हाडही बनत नाही. शेतातून ते धान्यात येतात, धान्यातून आपल्या पोटात आणि तिथून मलमूत्रात. पूर्वी त्यातलं बरंचसं सोनखत होऊन पुन्हा शेतात जायचं आणि चक्र पूर्ण व्हायचं. आता ते गटारातून नदीत जातं. शेताची तूट भरायला आपण युरिया आणि डीएपीची पोती आणतो, त्यातलाही काही भाग पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागतो. म्हणजे एकीकडे जमीन उपाशी आणि दुसरीकडे नदीला अजीर्ण. नदीचं दुखणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचं रसायन येतं. तेही आहेच. पण आपल्या बहुतेक शहरांजवळ नदी गुदमरते ती या जास्तीच्या अन्नानं, आणि ते घराघरातून येतं.

नदी गुदमरते म्हणजे नेमकं काय होतं? एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात 30 अंश तापमानाला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच विरघळतो. पाणी जितकं तापेल तितका कमी. मासे एवढ्याशा शिध्यावर जगतात. नदीत मैला आला की तो कुजवणारे जीवाणू वाढतात आणि तेही हाच ऑक्सिजन वापरतात. त्यांना तो किती लागेल, हे प्रयोगशाळेत मोजतात. त्या मापाला बीओडी म्हणतात. अंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत आहे. घरगुती सांडपाण्यात तोच आकडा दोनशेच्या घरात सहज जातो.

आता हिरव्या रंगाकडे या. पाण्यात बुडालेलं शेवाळ दिवसा पाण्यात ऑक्सिजन सोडतं. रात्री ऊन नसतं, पण श्वास सुरूच असतो, तेव्हा तेच शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन वापरतं. म्हणून शेवाळ फार माजलेल्या तळ्यात पहाटे ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो आणि मासे तोंड वर काढून धापा टाकतात ते त्याच वेळी. जलपर्णीचं तर आणखी वेगळं. तिची पानं पाण्याच्या वर असतात, त्यामुळे त्यांचा ऑक्सिजन हवेत निघून जातो. खाली अंधार होतो, वाऱ्यानं पाणी हलत नाही, हवा पाण्यात मिसळत नाही. पुढे रोपं मरून तळाशी बसली की ती कुजवायला पुन्हा ऑक्सिजन लागतोच. वर हिरवळ आणि खाली श्वास कोंडलेला, असं एकाच जागी असू शकतं.

शेवाळ माजवणाऱ्या या अन्नातला मुख्य गुन्हेगार कोण, याचा छडा लावणारा एक सुंदर प्रयोग कॅनडात झाला. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये ओंटारिओतल्या एका छोट्या तळ्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावला. एका अर्ध्या भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात त्या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. विमानातून काढलेल्या फोटोत फॉस्फरसची बाजू शेवाळानं हिरवीगच्च दिसते आणि पलीकडची काळीभोर, स्वच्छ. तोपर्यंत साबण पावडरींतला फॉस्फेट दोषी की नाही, यावर मोठा वाद चालला होता. एका फोटोनं जे पटवलं, ते कितीतरी आकड्यांना पटवता आलं नव्हतं.

आपल्याकडे दरवर्षी पोकलेन लावून जलपर्णी काढतात. काढायलाच हवी, डासांसाठी तरी. पण ती उपसून काठावरच टाकली तर कुजून तिच्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस पावसाबरोबर परत नदीत उतरतं. दूर नेऊन तिचं खत केलं तर निदान तेवढा घास नदीबाहेर जातो. शिवाय नाल्याचं तोंड उघडं असेपर्यंत पुढच्या उन्हाळ्यात थर पुन्हा येणार, हे जेसीबीवाल्यालाही ठाऊक असतं.

शाळेची सहल सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नेता आली तर जरूर न्या. तिथले लोक बीओडी किती उतरला ते हौसेनं दाखवतील. त्यांना पुढचा प्रश्न विचारा : बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस किती राहतो? नेहमीची पद्धत मैला पचवण्यासाठी असते. हे दोन पुरेसे काढायला वेगळा टप्पा बांधावा लागतो. तो नसेल तर केंद्रातून निघालेलं पाणी नितळ दिसलं, तरी त्यात जलपर्णीचं जेवण बरंचसं तसंच असतं.