नर्मदे हर, ओलेह् ह्युवॅ

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता नर्मदेवरचा पूल येतो. पुलाच्या अलीकडे, उत्तर तीरावर, तिलवारा घाट. देवउठनी एकादशी झाली की पाठीवर पिशवी आणि हातात काठी-कमंडलू घेतलेली माणसं इथून जायला लागतात, आणि त्यांच्यात मराठी हटकून कानावर पडतं. ही नर्मदा परिक्रमेला निघालेली माणसं. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठेही ओलांडायची नाही. त्यामुळे नागपूरकराला इथे घरचा रस्ता समोर दिसतो आणि त्यावर पाऊल टाकता येत नाही. पुलाकडे एकदा बघायचं आणि ग्वारीघाटाची वाट धरायची.

घाटावरच्या टपरीत बसलो होतो. एक परिक्रमावासी बाई आल्या, टेकायच्या आधीच म्हणाल्या, ‘नर्मदे हर.’ टपरीवाल्याने ‘नर्मदे हर’ म्हणत चहाचा ग्लास पुढे केला. त्यांनी घेतला, ‘नर्मदे हर.’ त्याने बिस्किटाचा पुडा दाखवला, ‘नर्मदे हर?’ बाईंनी हात हलवून, जरा खालच्या सुरात, ‘नर्मदे हर.’ म्हणजे नको. पैसे काढले तेव्हा त्याने मान हलवली आणि तेच दोन शब्द म्हणाला. निघतानाही तेच. नमस्कार, घ्या, आभार, आणखी देऊ का, पुरे, राहू द्या, येते: एवढा संवाद झाला, आणि शब्द फक्त दोन.

मला एकदम एस्पूला राहणाऱ्या भाचीची आठवण झाली. हेलसिंकीच्या शेजारचं हे शहर. भारतीय कुटुंबं तिथे बरीच आहेत. ती फिनिश शिकते आहे. मध्यंतरी फोनवर म्हणाली, ‘मामा, या लोकांकडे प्लीजला शब्दच नाही!’ मी म्हटलं, ‘आपल्याकडे तरी कुठे आहे? कृपया फक्त पाटीवर.’ तर तिथे प्लीजचं पुष्कळसं काम ‘ओले ह्युवॅ’ करतं. कॉफीचा कप पुढे करताना ओले ह्युवॅ. कुणी ‘कीतोस’ म्हणून आभार मानले की उत्तर ओले ह्युवॅ. दार उघडून आधी दुसऱ्याला जाऊ देताना तेच, पानं वाढून झाल्यावर ‘बसा’ म्हणतानाही जवळपास तेच.

त्याचं व्याकरण उघडलं की गंमत आहे. ‘ओल्ला’ म्हणजे असणे. ‘ओले’ हे त्याचं आज्ञार्थी एकवचन, ‘अस’ किंवा ‘हो’. ‘ह्युवॅ’ म्हणजे चांगला, चांगली, चांगलं. फिनिशमध्ये लिंगभेद नाही, त्यामुळे तिन्हींना एकच. शब्दशः ‘चांगला हो’. चहा हातात देताना चांगला हो! वरकरणी आज्ञा, पण ती आज्ञा आहे असं देणाऱ्यालाही वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

भाची आधी पुस्तकात पाहून ‘ओले ह्युवॅ’ म्हणायची, आणि समोरच्याच्या तोंडून येणारं काहीतरी वेगळं वाटायचं. वेगळं असतंच. बोलताना ते ‘ओलेह् ह्युवॅ’ होतं, मधला ह दुणावतो. फार पूर्वी या आज्ञार्थाच्या शेवटी क् होता. तो झिजून गेला, पण जाताना पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन दुप्पट करण्याची सवय मागे ठेवून गेला. लिपीत त्याची खूण नाही, जिभेवर आहे. असल्या गोष्टी वर्गात कमी आणि दुकानाच्या गल्ल्यावर जास्त कळतात.

आदर दाखवायचा तर ‘ओल्का ह्युवॅ’. क्रियापद अनेकवचनी झालं, ‘बस’चं ‘बसा’ होतं तसं. पण विशेषण एकवचनीच राहिलं. समोर खरंच दोघं-तिघं असतील तरच ‘ओल्का ह्युवॅत्’. आपण एकट्या आजोबांनाही ‘तुम्ही चांगले आहात’ म्हणतो. मराठीत आदर क्रियापदावर थांबत नाही, विशेषणालाही ओढून नेतो. फिन माणूस क्रियापदाने मान देतो आणि विशेषणाने डोकी मोजतो. मला हा हिशेब फार आवडला.

आता तिलवाऱ्याचे दोन शब्द घ्या. ‘नर्मदे’बद्दल वाद नाही: आकारान्त स्त्रीलिंगी नामाचं संबोधन, शारदेसारखं, गंगेसारखं. आठवी विभक्ती, शाळेत परीक्षेआधी शेवटच्या दिवशी उरकलेली. भानगड ‘हर’ची. ‘हृ’ म्हणजे नेणे, हरण करणे. त्याचं आज्ञार्थी मध्यमपुरुषी एकवचन ‘हर’. म्हणजे ‘हे नर्मदे, हरण कर’. काय हरण कर ते सांगितलेलं नाही. पाप, ताप, थकवा, ज्याचं त्याने भरावं. पण हर म्हणजे शंकरही, आणि अकारान्त पुल्लिंगी नामाचं संबोधन ‘राम’सारखंच, म्हणजे पुन्हा ‘हर’. तसं वाचलं तर वाक्यात क्रियापदच नाही. दोन हाका आहेत, लेकीला आणि बापाला, कारण नर्मदा ही शिवाची मुलगी मानलेली. कानाला दोन्ही सारखंच. व्याकरण इथे हात टेकतं, आणि मला विचाराल तर ते टेकलेलंच बरं. तरी माझा कौल आज्ञार्थाला. दिवसभर चालून पाय सुजलेला माणूस घाटाच्या पायरीवर बसताना ज्या सुरात ‘हर’ म्हणतो, तो मागण्याचाच सूर असतो.

महाराष्ट्रात हे शब्द घरोघरी पोचले ते पुस्तकांमधूनही. गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ परिक्रमेवरची. जगन्नाथ कुंटे यांनी तर पुस्तकाचं नावच ‘नर्मदेऽऽ हर हर’ ठेवलं. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड गुजराती आणि हिंदी दोन्हीत नदी लिहीत राहिले. पण पुस्तकातून शब्द येतात, सूर येत नाही. नवखा मराठी परिक्रमावासी पहिले काही दिवस ‘नर्मदे हर’ घोषणेसारखं ओरडतो, गणपतीत मोरया म्हणावं तसं. आश्रमाच्या दारात सदाव्रत मागताना त्याचा आवाज आपसूक उतरतो. शिधा हातात पडला की आणखी उतरतो. तिथे तो ही भाषा शिकला म्हणायचं.

या घाटाला परभाषक नवे नाहीत. १९३९ साली त्रिपुरी काँग्रेस याच परिसरात भरली. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी इथे नर्मदेत सोडल्या. संक्रांतीला जत्रा भरते. पण परभाषकाचा कान इथे फसतोही. शहरातली पोरं एकमेकांना ‘काय बड्डे’ म्हणून हाक मारतात (बड्डे म्हणजे दादा), तेव्हा आपल्याला वाटतं, मराठी! तर नाही. तो बुंदेली वळणाचा ‘काय’. ‘का रे’, ‘अरे’ या अंगाने जाणारा. त्याला ‘काही नाही’ असं मराठी उत्तर मी एकदा दिलं आहे. टपरी हसली.

भाचीला परवा हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मामा, मी तर आता फोनवर आईलाही ओलेह् ह्युवॅ म्हणते.’ आई काय म्हणते विचारलं. ‘ती म्हणते, बरं.’

एकादशीनंतर कुणी तिलवाऱ्याला जाणार असाल आणि कुणी चहाचा ग्लास पुढे केला, तर थँक्यू म्हणू नका. तेच दोन शब्द म्हणा, हळू आवाजात, आणि ग्लास दोन्ही हातांनी घ्या.