मांडी घालणारा स्नायू

माणसाच्या शरीरातल्या सर्वांत लांब स्नायूला एका धंद्याचं नाव मिळालं आहे. तो म्हणजे सार्टोरियस. लॅटिनमध्ये ‘सार्टर’ म्हणजे कपडे सांधणारा, शिंपी. कमरेच्या हाडाचं जे टोक पुढून हाताला लागतं, तिथून हा निघतो, मांडीवरून तिरपा आतल्या अंगाला उतरतो आणि गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाला वर, आतून चिकटतो. फितीसारखा चपटा आणि अरुंद. मोठ्या माणसात दीड फुटाहूनही लांब भरतो.

नावाचं श्रेय जातं आड्रियान व्हान डेन स्पीगलला. १५७८ मध्ये ब्रुसेल्सला जन्मलेला हा वैद्य पुढे इटलीत पदुआ विद्यापीठात शरीररचना शिकवायचा. त्याच्या आधी, १५४३ च्या वेसालियसच्या गाजलेल्या ग्रंथात बहुतेक स्नायूंना नुसते क्रमांक होते. अमक्या अवयवाला हलवणारा पहिला, दुसरा, तिसरा. विद्यार्थ्यांचे काय हाल होत असतील! स्पीगल १६२५ मध्ये वारला आणि त्याचा ग्रंथ दोन वर्षांनी व्हेनिसमध्ये छापला गेला. या स्नायूला आपण शिंप्याचा म्हणतो, असं त्यात तो सांगतो आणि कारणही देतो: शिवताना शिंपी एका पायावर दुसरा पाय घेऊन बसतात, तेव्हा हाच स्नायू सर्वाधिक वापरतात.

तरीही या नावाच्या इतर कथा फिरत राहिल्या. त्यांतली एक म्हणते की पायाने शिलाई मशीन चालवून शिंप्यांचा हा स्नायू बळकट व्हायचा. पण शिलाई मशीन घरोघरी, दुकानोदुकानी पोचलं ते एकोणिसाव्या शतकात. सिंगरचं पेटंट १८५१ चं. नाव त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधीचं. ही कथा बाद.

खरी गंमत स्पीगलच्या कारणातच आहे. युरोपात लोक बाकावर, खुर्चीवर बसत. उजेडासाठी खिडकीजवळच्या टेबलावर चढून, कापड जमिनीला लागू नये म्हणून पाय दुमडून बसणारा शिंपी तिथे उठून दिसे. जर्मन आणि फ्रेंच भाषेत आजही या बैठकीला शिंप्याची बैठक म्हणतात. जिथे पंगतीपासून शाळेच्या सतरंजीपर्यंत सगळेच मांडी घालून बसत, तिथल्या कुणा वैद्याला हे नाव सुचलंच नसतं. शरीर सगळीकडे एकच, पण पाहणारा डोळा आपल्या गावचा असतो.

शास्त्र म्हणून नाव कितपत बरोबर? हालचालींपुरतं अगदी नेमकं. हा स्नायू मांडी वर उचलतो, बाहेर नेतो, बाहेरच्या बाजूला वळवतो आणि गुडघा दुमडतो. चारही एकत्र करा, झाली मांडी घालून. पण यातली एकही हालचाल तो एकटा करत नाही, आणि ताकदीने तर तो बेताचाच. जोराचं काम कमरेतले आणि मांडीमागचे जाडजूड स्नायू करतात. शिवाय एकदा बसल्यावर पाय जमिनीवर टेकलेले असतात. मग दिवसभर शिवणाऱ्या शिंप्याचाही हा स्नायू जवळजवळ निवांतच. तेव्हा ‘सर्वाधिक वापरतात’ हे स्पीगलचं म्हणणं थोडं वाढवूनच आहे.

शल्यविशारदांना मात्र तो फार उपयोगाचा, तेही वाटाड्या म्हणून. मांडीच्या मधल्या भागात त्याच्याखालून पायाची मुख्य रोहिणी जाते. १७८५ मध्ये लंडनच्या जॉन हंटरने गुडघ्यामागे रोहिणी फुगलेल्या एका गाडीवानावर शस्त्रक्रिया केली. अशा रुग्णाचा पाय तेव्हा अनेकदा कापावा लागे. हंटरने फुगवट्याला हात न लावता वर, याच स्नायूखाली, रोहिणी बांधली. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांनी रक्त पुरवलं आणि पाय वाचला. या स्नायूखालच्या ज्या बोगद्यातून ही रोहिणी जाते, त्याला अजूनही हंटरचं नाव आहे.

हा स्नायू आपल्याही हाताला लागतो. खुर्चीत बसा, गुडघा बाहेर वळवून पाऊल जमिनीवरून थोडं उचला आणि कमरेच्या पुढच्या हाडाखाली बोटं ठेवा. तिथून आत तिरपी उतरणारी जी ताठ पट्टी लागेल, तीच सार्टोरियस.