शरीर सैल, जबडा घट्ट

कानशिलांवर बोटं टेकवा आणि दाढा आवळा. बोटांखाली काहीतरी टणकन फुगेल. तो चावण्याचा स्नायू. ‘शॉक ट्रीटमेंट’ म्हणजे ईसीटी देताना इलेक्ट्रोड बहुतेकदा याच्याच आसपास लावतात, आणि दातांची सगळी काळजी तिथूनच सुरू होते.

१९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हा उपचार पहिल्यांदा केला तेव्हा भूल नव्हती. सिनेमावाले अजून तिथेच अडकलेत. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध यांशिवाय ईसीटी द्यायला बंदी घातली आहे. त्यामुळे झटका आला तरी अंग फारसं हलत नाही.

मग जबडाच का मिटतो? औषध नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. पण कानशिलावरची वीज निरोपाची वाट पाहत नाही, खालच्या स्नायूला ती थेट आवळते. जबडा खाडकन बंद होतो. म्हणून वीज सोडण्याच्या क्षणभर आधी तोंडात रबरी ‘बाइट ब्लॉक’ बसवतात. जीभ आत सारून हनुवटी वर धरतात. सगळा भार दाढांनी पेलायचा. समोरचे एका मुळाचे दात त्यासाठी नाहीतच. श्वासासाठी वापरतात ती कडक प्लॅस्टिकची नळी ब्लॉकच्या जागी चालत नाही, ती नेमकी समोरच्या दातांवर जोर आणते.

आणि हे एकदाच नव्हे, साधारण सहा ते बारा वेळा. त्यात नैराश्यात ब्रश महिनोन्‌महिने कोरडा राहतो, काही गोळ्यांनी तोंड सुकतं, दात किडतात. तंबाखू-मिश्रीने हिरड्या आधीच खिळखिळ्या झालेल्या असतील तर विचारूच नका. हलणारा दात निखळून श्वासनलिकेत जाऊ शकतो. तरीही, जीव द्यायला निघालेल्या माणसाची ईसीटी रूट कॅनालसाठी लांबवू नये, असं मला वाटतं. दंतवैद्याला त्याच आठवड्यात दाखवता येतं.

कवळी सहसा काढतात. मोजकेच दात उरले असतील तर भार वाटला जावा म्हणून घट्ट बसणारी कवळी कधीकधी ठेवतातही. तो निर्णय डॉक्टरांचा. नंतर जबडा दुखला तर घाबरू नका, साध्या वेदनाशामकाने बहुधा थांबतं.

सकाळी रुग्णाला उपाशीपोटी नेताना कवळीची डबी सोबत घ्या. आणि कुठला दात हलतो, कुठे कॅप आहे, हे भूलतज्ज्ञांनी विचारलं नाही तरी सांगा.