मोबाईलवर वांगी, अल्बममध्ये काळा! फोटोचा रंग नेमका बिघडतो कुठं?

परतूर (प्रतिनिधी) : लग्नाचा अल्बम घरी आला की बायका आधी मोबाईल काढतात. मोबाईलवरचा फोटो आणि अल्बममधला फोटो शेजारी धरतात आणि तिथंच कुरबूर सुरू होते. आमच्या भावकीत मागच्या लग्नसराईत हेच झालं. नवरीचा शालू वांगी रंगाचा. मोबाईलवर तो वांगीच दिसायचा, अल्बममध्ये पार काळा पडला. चेहरे असे पिवळे की अंगाची हळद धुतलीच नाही वाटावं. नवरीची आई म्हणाली, "लग्नात काळा शालू नेसवला असता का आम्ही पोरीला?" राहिलेले पैसे अडले. स्टुडिओवाला म्हणे लॅबची चूक, लॅबवाले म्हणे तुमची फाईलच तशी आली.

मी दोन्हीकडचा ओळखीचा, म्हणून मध्ये पडलो आणि त्या पोराच्या दुकानात जाऊन बसलो. अल्बमची फाईल पेनड्राईव्हवर घेऊन दुसऱ्या, नीट सेटिंग केलेल्या लॅपटॉपवर उघडली. तिथं ती हुबेहूब अल्बमसारखीच दिसली, काळपट आणि पिवळी. म्हणजे लॅबनं जे आलं तेच छापलं होतं. घोळ होता स्टुडिओच्या टेबलावरच्या मॉनिटरमध्ये.

हे समजून घ्यायला एक गोष्ट ध्यानात ठेवा. फोटोच्या फाईलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक 0 ते 255. त्या आकड्यांचा उजेड करायचं काम स्क्रीन करते. एकच गाणं डीजेवर वेगळं वाजतं अन् जुन्या रेडिओवर वेगळं, तसंच हे. आकडे तेच, पण प्रत्येक स्क्रीनवर रंग थोडा निराळा. हा गोंधळ नको म्हणून एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी 1996 मध्ये 'एसआरजीबी' नावाचं एक माप पुढं आणलं. कोणत्या आकड्याला कोणता रंग, हे त्यात ठरलेलं आहे. बहुतेक अल्बम लॅब याच मापातली फाईल धरून चालतात. आपला मॉनिटर त्या मापाला आणून बसवणं म्हणजेच कॅलिब्रेशन. दुकानदार तराजूचा काटा शून्यावर आणतो ना, तोच प्रकार.

आता शालू काळा कसा पडला? त्या मॉनिटरचा ब्राइटनेस 100 वर होता. साधा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला 250 निट्सच्या आसपास उजेड देतो. निट्स हे स्क्रीनच्या उजेडाचं माप. छपाईसाठी एडिटिंग करायचं तर 80 ते 120 निट्स पुरे होतात. स्क्रीनच इतकी झगझगीत असल्यावर अंधारा फोटोही उजळ दिसतो. पोराला वाटलं फोटो झकास आहे, म्हणून त्यानं उजेड वाढवला नाही. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्यावर अंधार होता तो अंधारच उतरला.

पिवळेपणाची गंमत उलटी आहे. बरेच मॉनिटर कंपनीतून येतानाच निळसर असतात, कारण निळसर पांढरा रंग जास्त स्वच्छ वाटतो. नीळ घातलेल्या धोतरासारखं. अशा स्क्रीनवर चेहरे निळे-फिके दिसतात, म्हणून एडिटर त्यात पिवळा वाढवतो. स्क्रीनवर बरोबर दिसलं, फाईल मात्र पिवळी झाली. रात्री 'नाईट लाईट' चालू ठेवून काम केलं तर नेमकं याच्या उलट होतं. स्क्रीन पिवळी, म्हणून माणूस निळा वाढवतो आणि अल्बममध्ये वऱ्हाड गारठल्यासारखं दिसतं.

आपल्याला हे कळत का नाही? कारण डोळा लगेच सवय करून घेतो. पिवळ्या बल्बखालीही सदरा आपल्याला पांढराच वाटतो. तासभर निळ्या स्क्रीनपुढं बसलं की तीच पांढरी वाटायला लागते. म्हणून डोळ्याच्या भरवशावर राहता येत नाही, शेजारी काहीतरी खात्रीचं लागतं.

बिनपैशाचा इलाज आधी सांगतो. मॉनिटर चालू करून अर्धा तास तापू द्या. नाईट लाईट बंद करा. मॉनिटरच्या बटणांतून 'व्हिव्हिड', 'गेम' असले मोड काढा, 'एसआरजीबी' मोड असेल तर तो लावा. नसेल तर कलर टेम्परेचर 6500 ठेवा. दुपारच्या उजेडाशी मिळताजुळता पांढरा म्हणून हा आकडा धरलेला आहे. मग स्क्रीनवर कोरं पान उघडा आणि शेजारी कोरा पांढरा कागद धरा. खोलीत खिडकीतून उजेड येत असावा, पण ऊन थेट स्क्रीनवर नको. ब्राइटनेस इतका कमी करा की स्क्रीन दिव्यासारखी न वाटता कागदासारखी वाटेल. पहिल्यांदा स्क्रीन मेल्यासारखी वाटते, दोन दिवसांत सवय होते.

विंडोजमध्येच एक सोय फुकट आहे. शोधायच्या जागी 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' टाका. आधी गोलांमधले ठिपके दिसेनासे करायचे असतात, त्याला गॅमा म्हणतात आणि त्याचं माप 2.2 आहे. मग कोट घातलेल्या माणसाचा फोटो येतो. त्याचा सदरा आणि कोट वेगळे ओळखू यावेत, मागची फुली जेमतेम दिसावी. शेवटी राखाडी पट्टे येतात. त्यात गुलाबी, हिरवी झाक दिसली तर ती काढायची. राखाडी खरंच राखाडी दिसलं तर बाकीचे रंग बरेचसे ताळ्यावर येतात.

ज्याचा धंदाच फोटोचा आहे, त्यानं मात्र कलरीमीटर घ्यावा असं माझं मत आहे. स्पायडर, कॅलिब्राईट या नावांनी तो मिळतो. किंमत दहा हजारांच्या पुढं जाते, पण दोन-तीन दुकानांत मिळून एक चालतो. स्क्रीनवर हे यंत्र टेकवून ठेवायचं. सॉफ्टवेअर एकामागून एक रंग दाखवतं, यंत्र ते मोजतं आणि फरक भरून काढणारी 'प्रोफाईल' नावाची फाईल तयार होते. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर तर फुकट आहे. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावं, कारण स्क्रीन जुनी होत जाते तसा तिचा रंग सरकतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी अजून एक बघा. स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन थोडी मागं-पुढं वाकवली की फोटो उजळतो नाहीतर काळवंडतो. अशा स्क्रीनवर यंत्र लावूनही फार हाती लागत नाही.

आणि हो, मॉनिटर कितीही नीट लावला तरी लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात काढलेल्या फोटोत कापडाचा रंग चेहऱ्यावर पडणारच. तो फोटो काढतानाच सांभाळावा लागतो. फ्लेक्सवरही स्क्रीनवरचा भडक निळा किंवा पोपटी तसाच येत नाही. शाई तो रंग देऊच शकत नाही. वाढदिवसाच्या बॅनरवरून डिझाइनवाल्या पोरांना शिव्या घालण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

हा विषय स्टुडिओपुरता नाही, शेतकऱ्यालाही लागतो. सोयाबीनचं पान पिवळं पडलं की आपण फोटो काढून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राला नाहीतर ओळखीच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला पाठवतो. पिवळा मोझॅक असेल तर पानावर हिरवे-पिवळे चट्टे येतात. लोह कमी पडलं तर कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. हा फरक रंगावरच कळतो. बघणाऱ्याच्या मोबाईलवर डोळ्यांच्या आरामाचा पिवळा मोड चालू असेल तर निरोगी पानही पिवळट दिसतं. आपल्या मोबाईलवर तो मोड असला तर मात्र पाठवलेली फाईल बिघडत नाही, फक्त आपल्याला चुकीचं दिसतं.

यावर साधी युक्ती म्हणजे पानाखाली कोरा पांढरा कागद ठेवून सावलीत फोटो काढा. कागद पिवळा दिसला तर बघणाऱ्याला लगेच कळतं की रंग स्क्रीनचा आहे, पानाचा नाही. भातशेतीत याच कारणानं हिरव्या छटांची प्लास्टिकची पट्टी वापरतात. पान पट्टीला लावून युरिया द्यायचा की नाही ते ठरतं, आणि तिथंही पानावर अंगाची सावली धरूनच बघायला सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबून बारीक होत नाही.

शालूचं काय झालं? पोरानं मॉनिटर नीट लावून फोटो पुन्हा एडिट केले. सगळा अल्बम छापायच्या आधी तीन फोटोंच्या प्रिंट मागवल्या: एक नवरीचा, एक हळदीचा, एक रात्रीच्या वरातीचा. त्या खिडकीत धरून नवरीच्या आईला दाखवल्या. दुसऱ्या छपाईचा खर्च निम्मा स्टुडिओनं सोसला, निम्मा घरच्यांनी. आता तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा तारखा लागतील. त्या दुकानात ऑर्डर घेतानाच तीन प्रिंट आधी दाखवायचं ठरवलंय. तुम्ही दुसरीकडं अल्बम देणार असाल तर तुम्हीही त्या मागून घ्या.