ओल्या फडक्याचा खोटा पुरावा

मे महिन्यातली दुपार, खंबाटकी घाट, बॉनेट उघडून उभी असलेली फिएट आणि तिच्या पेट्रोल पंपावर घातलेलं ओलं फडकं. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीनं हे पाहिलंय. अर्ध्या तासानं किल्ली फिरवली की गाडी चालू व्हायची आणि निदानावर शिक्कामोर्तब व्हायचं: पंपात पेट्रोलची वाफ झाली होती, दुसरं काय!

कधीकधी ते खरंही असायचं. पण बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं तर पंप एकटाच गार होत नाही. इग्निशन कॉइल गार होते, डिस्ट्रिब्यूटर गार होतो, त्याला लागून बसलेला कंडेन्सरही गार होतो. फडकं नुसतं बंपरवर वाळत घातलं असतं तरी गाडी कदाचित चालू झाली असती. मग पुढच्या रविवारी नवा पंप बसतो आणि त्यानंतरच्या रविवारी गाडी पुन्हा त्याच घाटात उभी राहते.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फिएट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईतली काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, पण हौसेनं जपलेल्या खासगी फिएट अजून बऱ्याच आहेत. त्यांच्या इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा मात्र गाडीपेक्षा कितीतरी जुनी. अमेरिकेतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी ती १९१० च्या सुमारास उभी केली.

डिस्ट्रिब्यूटरमधले दोन छोटे पॉइंट एकमेकांना टेकलेले असतात तेव्हा बॅटरीतून कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यात तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. फिरता कॅम पॉइंट उघडतो, साधारण ०.४ मिलिमीटर. करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइपात धाडकन दणका बसतो, तसा इथे व्होल्टेजचा दणका बसतो. बारीक तारेच्या वेटोळ्यात वेढे शंभरेक पट जास्त असल्यामुळे तो वीस हजार व्होल्टच्या घरात जातो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. कंडेन्सरचं काम एवढंच, की पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडू नये आणि करंट चटकन तुटावा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल, तर हे सगळं सेकंदाला शंभर वेळा होतं.

आता यात उष्णता मिसळा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ३ ओहम असलेली कॉइल ९० अंशांना ३.८ ओहमच्या पुढे जाते. त्याच बारा व्होल्टवर करंट चारवरून जेमतेम तीनवर येतो. चुंबकीय क्षेत्रात साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे ती जवळपास चाळीस टक्के घटते. धडधाकट कॉइलचीही ही गत. जिच्या आतलं इन्सुलेशन थकलंय किंवा जिच्या तारेला केसाएवढी चीर गेलीय, ती गरम झाल्यावर दगा देणार आणि गॅरेजात सकाळी मल्टिमीटर लावला की अगदी शहाण्यासारखं रीडिंग देणार.

पण मग गाडी घाटातच का बंद पडावी, सपाटीवर का नाही? याचं उत्तर फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १८८९ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. फट तेवढीच असताना वायूचा दाब वाढला, की ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं (अतिशय कमी दाबाची गोष्ट निराळी). चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण शिरतं आणि दाब वाढतो. नेमकी तिथेच ठिणगीची सर्वांत मोठी मागणी आणि नेमकी तिथेच कॉइल सर्वांत तापलेली. म्हणून प्लग बाहेर काढून, इंजिनला टेकवून, ‘करंट येतोय की’ म्हणणं अर्धवट आहे. उघड्या हवेत पडलेली ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली पडेलच असं नाही.

मग करायचं काय? माझ्या मते गाडी बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं सोन्याची. तेव्हाच कार्ब्युरेटरमध्ये डोकावून, थ्रॉटल हलवल्यावर पेट्रोलची धार येते का पाहावं. तेव्हाच ठिणगी तपासावी, अर्थात सांडलेल्या पेट्रोलपासून दूर. आणि ओलं फडकं वापरायचंच, तर एका वेळी एकाच ठिकाणी: फक्त पंपावर किंवा फक्त कॉइलच्या डब्यावर, तेही लगेच. कॉइल एकटी गार केल्यावर दोन मिनिटांत गाडी चालू झाली, तर मात्र तो पुरावा.

दुसरी युक्ती धावत्या गाडीतली. बारा व्होल्टचा छोटा बल्ब घ्यावा, त्याची एक वायर कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला जोडून बल्ब डॅशबोर्डवर आणावा. शेजारी बसलेल्यानं त्याच्यावरून नजर हलवायची नाही. गाडी बंद पडताना बल्बही गेला, तर दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा तिथून येणाऱ्या वायरीत. बल्ब जळतच राहिला, तर इग्निशनचा संशय कॉइलपासून पुढे सरकतो.

पुढे एक जागा हमखास दुर्लक्षित राहते. अनेक जुन्या गाड्यांत पॉइंट ज्या पत्र्यावर बसतात तो व्हॅक्यूमनं थोडा मागेपुढे फिरतो आणि त्याच्याबरोबर इंचभर लांबीची एक लवचिक वायर वाकते. हजारो वेळा वाकून आतले धागे तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की धागे टेकतात, दाबला की सुटतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कार्ब्युरेटर खराब, म्हणून बिचारा तीनदा साफ होतो. ही वायर पक्कडीच्या टोकानं हलकेच ओढून पाहावी. चांगली असेल तर ताणत नाही, तुटलेली असेल तर आवरण रबरासारखं लांबतं.

पावसाळी दोष त्या मानानं सोपा. रात्री, अंधारात, बॉनेट उघडून चालू इंजिनच्या डिस्ट्रिब्यूटर कॅपवर आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. गळणारी वीज निळसर रेघांनी स्वतःच दिसते. हात लांब ठेवावेत, एवढंच.

गॅरेजात सहसा याच्या उलट होतं. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल एकदम बदलतात. गाडी सुधारली तर कशानं, ते कळत नाही. त्यातला नवा कंडेन्सरच खराब निघाला तर जुना दोष आणि नवा दोष गळ्यात गळे घालून बसतात. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणारेही आता आहेत. पॉइंटची झीज त्यानं टळते, पण कॉइल, कॅप, रोटर आणि वायरी जिथल्या तिथे राहतात. शिवाय ते मॉड्यूल गेलं तर रस्त्यात कानस मारून चालू करण्याजोगं काही उरत नाही, म्हणून अनुभवी मालक जुना पॉइंटचा संच आणि चालू स्थितीत तपासलेला एक कंडेन्सर डिकीत ठेवूनच घाटाला निघतात.