गौरीचे हात

कळलावी हे नाव आपल्याकडे फुलापेक्षा माणसांनाच अधिक चिकटले आहे. दोन जावांत भांडण लावून देते ती कळलावी! त्यावरूनच हे फूल घरात आणले की कलह होतो, असा समज रूढ झाला असावा. गंमत अशी, की कोकणात हेच फूल भाद्रपदात गौरीपुढे मानाने येते आणि ‘गौरीचे हात’ म्हणवून घेते. नावातली ‘कळ’ खरे तर बाळंतपणाची. अडलेल्या बाईच्या तळहातांना-तळपायांना हिचा कंद उगाळून लावीत.

फुललेली कळलावी ओळखायला जाणकार लागत नाही. नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या मागे वळून ज्वाळांसारख्या वर उभ्या राहतात. म्हणून संस्कृतात ती अग्निशिखा. उमलताना हिरवट-पिवळी, मग केशरी, शेवटी लालभडक. त्यामुळे एकाच वेलावर तीन तऱ्हेची फुले आहेत की काय, असे वाटते. पण हा थाट ऑगस्ट-सप्टेंबरचा. एरवी काय?

मृगाच्या पावसानंतर कोवळा हिरवा कोंब वर येतो. तेव्हा पानाचे टोक पाहावे. ते निमुळते होत स्प्रिंगसारखे वळते आणि शेजारची फांदी पकडते. काकडीचे तणाव खोडातून फुटतात, हिचे पानाच्या टोकातून. अगदी खालच्या पानांना ते नसतात, म्हणून वरची पाने तपासावीत. बँकेत सही पडताळताना आमची नजर आधी शेवटच्या फराट्याकडे जाई, त्यातलाच हा प्रकार.

पाऊस सरला की लांबट हिरवी बोंडे धरतात. वाळल्यावर ती तीन भागांत उकलतात आणि आत लाल बियांच्या ओळी दिसतात, पोरांना मोह पडावा अशा. मग वेल सुकून नाहीसा होतो. जमिनीखाली उरतो तो नांगराच्या आकाराचा वाकडा कंद. लांगली हे नाव त्यावरूनच.

धोका याच कंदात. सगळी वनस्पतीच विषारी, पण कंद आणि बिया अधिक. श्रीलंकेत रताळे समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. त्यातले कोल्चिसिन काही तास गप्प बसते, मग पटकीसारखे जुलाब-उलट्या सुरू होतात. जो वाचतो त्याचे केस पुढे गळतात. अशा वेळी घरगुती उतारे शोधत बसू नये. रुग्णालय गाठावे आणि वेलाचा तुकडा सोबत न्यावा. हेच कोल्चिसिन मोजून दिले की गाऊटच्या सांधेदुखीवर औषध होते. तामिळनाडूत, जिथे हे राज्यफूल आहे, शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात. आपल्याकडे मात्र कंदांसाठी ती रानातून उपटली जाते.

गौरीसाठी तेरड्याबरोबर ही फुले आणायला मुले रानात जातात. खुशाल जावीत. फुले खुडल्यावर हात धुवायचे आणि कंद उकरायचा नाही, एवढे त्यांना बजावावे. वेल मात्र त्यांना दाखवायचा तो आषाढात, फूल नसताना.