दंतवैद्याची मान आणि रुग्णाची दाढ : गतिसंवेदकांच्या साहाय्याने बैठकीचे परीक्षण

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात सहसा रुग्णांच्या व्याधींविषयी लिहिले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र उपचार करणाऱ्यांच्या व्याधीचा आहे. मान, खांदे, कंबर आणि मनगट यांचे दुखणे हा दंतवैद्यकाच्या व्यवसायातील जगभरचा अनुभव आहे. या विषयावरील संशोधनाचा एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निरनिराळ्या पाहण्यांमध्ये असे दुखणे असणाऱ्यांचे प्रमाण ६४ ते ९३ टक्के आढळले होते. दुखण्यामुळे अनुभवी दंतवैद्याला कामाचे तास कमी करावे लागले, तर त्याची झळ प्रथम धर्मादाय विभागातील रुग्णाला पोहोचते. कारण दुसरीकडे जाण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते. म्हणूनच हा विषय आम्ही आमच्या देणगीदारांसमोर, विश्वस्तांसमोर आणि रुग्णांच्या नातेवाइकांसमोर मांडत आहोत.

दुखणे कशामुळे उद्भवते?

दंतवैद्याचे कार्यक्षेत्र म्हणजे रुग्णाचे मुख. ते जेमतेम दोन-तीन बोटे मावतील एवढे उघडते, आत प्रकाश पुरेसा पोहोचत नाही आणि मागची दाढ सरळ दृष्टीस पडत नाही. ती दिसावी म्हणून दंतवैद्य मान पुढे झुकवतो, बाजूला वळवतो, कोपर उचलतो आणि त्याच स्थितीत बराच वेळ स्थिर राहतो. रूट कॅनालसारख्या उपचारात हात किंचितही हलून चालत नाही.

माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ५ किलो असते. मान सरळ असताना ते कण्यावर तोलले जाते. मान झुकली की ते पेलण्याचे काम मानेच्या मागील स्नायूंवर येते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रारूपानुसार मान १५ अंश झुकली असता मानेच्या कण्यावरील भार सुमारे १२ किलो, ३० अंशांवर १८ किलो आणि ६० अंशांवर २७ किलोपर्यंत जातो. त्यातच, आखडलेल्या अवस्थेत दीर्घकाळ राहिलेल्या स्नायूतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात व रक्तपुरवठा घटतो. ओझे वाहणारा हमाल ओझे उतरवून विसावा घेतो. दंतवैद्याच्या मानेला तो विसावा मिळत नाही. पहिली काही वर्षे त्रास जाणवत नाही, आणि जाणवू लागतो तेव्हा सवय पक्की झालेली असते.

डोळ्यांनी पाहून भागत नाही

बैठकीचे परीक्षण पूर्वीपासून होत आले आहे. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या लिन मॅकॅटम्नी व नायजेल कॉर्लेट यांनी १९९३ साली 'रूला' ही गुणांकन पद्धती मांडली. तीत मान, धड, दंड, कोपर व मनगट यांच्या कोनांना गुण देऊन १ ते ७ असा अंतिम गुणांक काढतात. १ किंवा २ गुणांक म्हणजे बैठक स्वीकारार्ह. ७ म्हणजे तातडीने बदल आवश्यक. उदाहरणार्थ, मान १० अंशांपर्यंत झुकली तर सर्वांत कमी गुण, २० अंशांच्या पुढे गेली तर जास्त आणि मागे कलली तर त्याहूनही जास्त.

पद्धत सोपी आहे; परंतु निरीक्षक एका क्षणाची बैठक पाहून गुण देतो. १८ अंश आणि २३ अंश यांतला फरक नजरेला कळत नाही. शिवाय कोणी पाहत आहे हे जाणवताच माणूस आपोआप ताठ बसतो. प्रश्न मान किती झुकली एवढाच नसून, दिवसभरात ती किती वेळ तशी राहिली हा आहे. त्याचे उत्तर अंगावर धारण करावयाचे गतिसंवेदक देऊ शकतात.

संवेदक कसे काम करतात?

काडेपेटीएवढे हे बिनतारी उपकरण पट्ट्याने डोके, पाठ, कंबर, दंड व मनगट येथे बांधतात. संपूर्ण शरीराच्या नोंदीसाठी १७ संवेदकांचा संच वापरला जातो. केवळ मान व पाठ यांसाठी दोन-तीनही पुरतात. प्रत्येकात सामान्यतः तीन मापके असतात. त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, त्यामुळे शरीराचा भाग किती कलला हे तो सांगतो. मात्र मान डावी-उजवीकडे वळली तर त्याला ते समजत नाही. ते जायरोस्कोप टिपतो. जायरोस्कोपची अडचण अशी, की त्याच्या मापनातील बारीक चुका साठत जातात आणि काही वेळाने कोन सरकू लागतो. तो जागेवर आणण्यासाठी चुंबकमापक होकायंत्राप्रमाणे दिशा दाखवतो. तिन्हींच्या नोंदी एकत्र करून संगणक दर सेकंदाला अनेकदा प्रत्येक सांध्याचा कोन काढतो.

जर्मनीत फ्रँकफुर्ट येथील गटे विद्यापीठाच्या संशोधकांनी या दिशेने भरीव काम केले आहे. त्यांच्या २०१६ च्या अभ्यासात दंतवैद्यांच्या कामापैकी सुमारे ४१ टक्के काम प्रत्यक्ष उपचारांचे असल्याचे आढळले. २०२१ साली त्यांनी संवेदकांच्या नोंदींना रूलाचे गुणांकन जोडून, उपचार चालू असताना क्षणाक्षणाचा गुणांक काढण्याची रीत प्रसिद्ध केली. दंतवैद्याबरोबर सहायकाच्या बैठकीचाही त्यात विचार आहे, ही गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. थायलंडमधील संशोधकांनी बैठक बिघडताच वापरणाऱ्याला सूचना देणारी व्यवस्थाही अभ्यासली आहे.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. डेंटल चेअरमधील लोखंड व मोटार यांमुळे चुंबकमापकाची दिशाभूल होऊ शकते. पट्टा सैल झाला तर कोन चुकतो. म्हणून आरंभी सरळ उभे राहून शून्यस्थिती नोंदवावी लागते. बोटांनी अवजार किती जोराने धरले आहे, हे संवेदकाला कळत नाही. वेदना तर त्याला मुळीच कळत नाही; ती विचारावीच लागते.

मोजमापानंतर काय?

मोजण्याने मान बरी होत नाही. बदल करावे लागतात. सुदैवाने त्यांतील पुष्कळसे बिनखर्चाचे आहेत. वरच्या जबड्यावर काम करताना खुर्ची जवळजवळ आडवी करणे, रुग्णाला हनुवटी वर घेण्यास किंवा मान वळवण्यास सांगणे, दिवा योग्य जागी आणणे, आरशातून पाहून काम करण्याचा सराव ठेवणे, हे त्यांपैकी काही. रुग्णाचे डोके घड्याळातील १२ च्या जागी मानले, तर उजव्या हाताने काम करणारा दंतवैद्य साधारणपणे ९ ते १२ या पट्ट्यात बसतो. एकाच जागी खिळून न राहता या पट्ट्यात सरकत राहणे हितावह असते. समोर बसलेली सहायिका अवजार हातात देत असेल, तर वाकून वळणे वाचते. दोन रुग्णांच्या मध्ये अर्ध्या मिनिटाचा ताण-व्यायाम हाही उपयुक्त आहे.

खर्चाच्या बाबी दोनच : उंची कमीजास्त करता येणारे, कंबरेला आधार देणारे स्टूल आणि योग्य कोनात बसवलेली भिंगे. भिंगाचा कोन चुकला तर मान अधिकच झुकते. असा खर्च करण्यापूर्वी व केल्यानंतर संवेदकांनी मोजमाप घेतले, तर देणगीच्या पैशाचा उपयोग झाला की नाही हे अनुमानाने नव्हे, तर नोंदींनी सांगता येते.

रास्त प्रश्न

रुग्णांसाठी दिलेला पैसा डॉक्टरांच्या स्टुलावर का खर्च करावा, असे कोणी विचारले तर तो प्रश्न आम्ही रास्तच मानतो. आमचे उत्तर असे, की थकलेल्या हाताने केलेल्या कामाचा भार अखेर रुग्णावर पडतो आणि अनुभवी हात अकाली थांबले तर ते विकत आणता येत नाहीत. संवेदकांचा संपूर्ण संच खरेदी करण्याची मात्र गरज नाही. काही दिवसांपुरता उपलब्ध झाला तरी कार्य साधते. देणगीचा विनियोग स्टूल व भिंगे यांवरच व्हावा, असे आमचे मत आहे.

एक पथ्य आम्ही कटाक्षाने पाळू इच्छितो. या नोंदी ज्याच्या त्याच्या मालकीच्या राहाव्यात. कर्मचाऱ्यांच्या कामावर पाळत ठेवण्यासाठी किंवा कोणाला जाब विचारण्यासाठी त्यांचा वापर होता कामा नये. अन्यथा संवेदक बांधताच सर्वजण पुन्हा ताठ बसू लागतील.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक विनंती आहे. आपल्या माणसाला अधिक आडवे होण्यास वा मान वळवण्यास सांगितले, तर त्यामागे हे कारण असते, हे ध्यानात घ्यावे. श्वासाचा त्रास असलेल्या किंवा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतील रुग्णांना आडवे होणे मानवत नाही. त्यांच्याविषयी आधीच सांगावे, म्हणजे उपचार लहान बैठकांत विभागून घेता येतील.

देणगीदारांच्या सद्भावनेवर ही रुग्णसेवा उभी आहे. जे हात ती प्रत्यक्ष करतात, त्यांची काळजी घेणे हाही त्या सद्भावनेचाच विनियोग आहे, अशी आमची नम्र धारणा आहे.